ऐंशी, पण कशातले?

धुळ्याला सहलीला कुणी जात नाही. मीही गेलो नव्हतो. १९८९ च्या डिसेंबरात पुण्याहून निघालो तेव्हा माझ्याकडे तीन डाग होते. एक कपड्यांची बॅग, एक डबा आणि एक लाकडी पेटी. पेटीचं वजन अकरा किलो दोनशे ग्रॅम. घरच्या काट्यावर ते दोनदा करून पाहिलं होतं. आत एक मापनयंत्र होतं आणि हादरे बसू नयेत म्हणून बायकोची एक जुनी गोधडी. गोधडी परत आली पाहिजे, अशी ताकीद होती.

हे यंत्र काय करतं ते चाळीसगावला धुळ्याच्या गाडीसाठी थांबलो असताना शेजारच्या गृहस्थांना सांगितलं, तेच इथे सांगतो. गॅस पेटवायचा खटका असतो ना, दाबला की ठिणगी पडते. त्यात भाजलेल्या मातीसारखी दिसणारी एक कांडी असते. तिच्यावर दाब आला की तिच्यातून वीज निघते. दाब किती आणि वीज किती, याचा हिशेब माझं यंत्र करतं. एका न्यूटनला, म्हणजे साधारण एका लहान पेरूच्या वजनाला, किती पिकोकुलंब भार निघाला तो आकडा येतो. गृहस्थांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग पेटीत पेरू आहेत का?"

देवपूर, सोमवार

धुळ्यात पांझरा ओलांडली की देवपूर. नदीत पाणी घोटाभर आणि वाळू भरपूर होती. तिथल्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारे प्राध्यापक भामरे मला न्यायला आले होते. वय बेचाळीस, माझ्याहून सात वर्षांनी लहान. पेटी मी हातात घेऊ दिली नाही, याचा त्यांना राग आला नाही. यावरून माणूस प्रयोग करणारा आहे हे कळलं.

त्यांचं काम असं होतं. भाजलेल्या चिनी मातीसारख्या चकतीतून वीज चांगली निघते, पण ती कडक असते आणि वाकवली की तुटते. रबर वाकतं, पण त्यातून वीज निघत नाही. म्हणून त्या चकतीच्या द्रव्याचं पीठ करायचं, ते रबरात मळायचं आणि दोन्हींचे गुण असलेला पत्रा करायचा. त्या पत्र्याची पट्टी मनगटावर बांधून नाडी पडद्यावर दाखवायची, असा भामरेंचा बेत होता. पट्टी मनगटाला चिकटून बसायला हवी, तिथे कडक चकती चालत नाही.

पहिल्या वर्षाचं अनुदान संपत आलं होतं. भामरेंनी अनुदान देणाऱ्या समितीला लेखी कळवलं होतं की त्यांच्या नमुन्यांचा आकडा सोळा येतो. मी समितीकडून तो आकडा तपासायला आलो होतो. माझा अहवाल बरा असेल तर दुसरं वर्ष मिळणार होतं. नाहीतर काम बंद, आणि समितीने दिलेली तेराशे अंशांची विजेची भट्टी उचलून दुसऱ्या गावच्या कॉलेजात जाणार होती. हे त्यांनी मला सांगितलं नाही. ते समितीच्या पत्रात चौथ्या कलमात होतं, आणि ते पत्र दोघांच्याही खिशात होतं.

भट्टी त्यांनी मला देव दाखवावा तशी दाखवली. धुळ्यात विजेचा दाब संध्याकाळी पडतो, म्हणून ते ती पहाटे चारला चालू करत. बेरियमचा एक पांढरा क्षार आणि टिटॅनियमची पांढरी भुकटी दगडी खलात सहा तास घोटायची, भाजायची, परत घोटायची, परत भाजायची. शेवटी फिकट पिवळसर पीठ निघतं. भामरेंच्या उजव्या तळहाताला खलबत्त्याचे घट्टे होते. पुण्यात हे काम यंत्र करतं. मी तो तळहात पाहिला आणि टिपणवहीत काही लिहिलं नाही, कारण त्याला रकाना नव्हता.

दुपारी त्यांच्या घरी जेवण. शेवभाजी. पुण्यात शेव भेळीवर घालतात. इथे ती लालभडक रश्श्यात बुडवतात. मी एका जेवणात पाच पेले पाणी प्यायलो. भामरेवहिनी वाढता वाढता म्हणाल्या, "भाऊ, रस्सा पास की नापास?" मी म्हणालो, पास. "आणि यांचं?" त्यांनी नवऱ्याकडे बोट केलं.

मंगळवार

आधी माझ्याजवळची प्रमाणित चकती मोजली. तिचा आकडा तीनशे असायला हवा, आला दोनशे अठ्ठ्याण्णव. म्हणजे यंत्र प्रवासात शाबूत राहिलं होतं. मग भामरेंच्या रबरी चकत्या घेतल्या. दहा चकत्या, प्रत्येकीवर पाच जागा, एकूण पन्नास वाचनं. सरासरी अडीच.

सोळा कुठे आणि अडीच कुठे. मी तारा बदलल्या, दट्ट्या पुसला, प्रमाणित चकती पुन्हा मोजली. परत अडीच.

भामरेंनी सबब सांगितली नाही. पहिले नमुने त्यांनी स्वतः केले होते, असं ते म्हणाले. रबर पेट्रोलमध्ये विरघळवून त्यात हाताने पीठ कालवलेले, नखाएवढे तुकडे. त्यांचा आकडा सोळा आला होता. पण नाडीच्या पट्टीला मोठा सलग पत्रा लागतो, म्हणून जळगावच्या एका रबरकारखान्यात रोलवर मळून घेतला. या चकत्या त्या पत्र्याच्या होत्या. तयार पत्रे एस.टी.च्या पार्सलने आले होते, ते वर्तमानपत्राचं वेष्टण अजून टेबलावर होतं. त्यावर निळ्या पेन्सिलीने ठळक लिहिलं होतं, '८० शे'.

मी माझ्या तक्त्यात लिहिलं, 'पीठ ८० शेकडा'.

"शेकडा नाही ते," भामरे म्हणाले. "शे म्हणजे आहे. आमच्या अहिराणीत. कारखान्यात रोल चालवणाऱ्या आबांनी लिहिलंय, ऐंशी आहे."

"ऐंशी काय आहे?"

"ऐंशी टक्केच. मी तेवढंच सांगितलं होतं." त्यांना हसू आलं. "म्हणजे तुम्ही चुकून बरोबरच लिहिलंत."

चुकून बरोबर आलेलं उत्तर मला आवडत नाही. एक मोठा तुकडा कापला, दोऱ्याला बांधला, हवेत तोलला आणि पाण्यात तोलला. हवेत ४.७७ ग्रॅम, पाण्यात १.७७. म्हणजे घनता १.५९. पिठाची घनता सहा, रबराची एक. शंभर ग्रॅम पत्र्यात ऐंशी ग्रॅम पीठ असेल तर घनता तीन यायला हवी. ती निम्मी होती.

"बुडबुडे राहिले असतील आत," भामरे म्हणाले.

आम्ही तुकडा ब्लेडने चिरून भिंगाखाली पाहिला. एकही बुडबुडा नव्हता.

"पीठ किती दिलं होतं तुम्ही?"

"दोन किलो. आणि रबर अर्धा किलो."

"आणि पत्रे किती वजनाचे आले?"

त्यांनी रिकामं वेष्टण उचलून पाहिलं. मग म्हणाले, "तोलले नाहीत. थोडे वाटले. उरलेले मागून येतील असं धरून चाललो."

मी तेव्हा बरंच बोललो. वर्षभर पहाटे चारला उठणारा माणूस आलेलं पार्सल काट्यावर ठेवत नाही, याचा मला खरोखर राग आला होता. त्यांनी ऐकून घेतलं. शेवटी एवढंच म्हणाले, "साहेब, तुम्ही अडीच लिहा. आलंय ते लिहा. पण पीठ गेलं कुठे, ते मला कळलं पाहिजे."

मलाही ते कळायला हवं होतं. नमुने कसे केले जातात तेही पाहून यावं, असं माझ्या कामाच्या पत्रात दुसऱ्या कलमात होतं. मी त्यांना तेवढं कलम वाचून दाखवलं.

जळगाव, बुधवार

सकाळच्या एस.टी.ने पारोळा, एरंडोल करत जळगाव. दोन्हीकडे कापसाची शेतं, वेचणीला आलेली. पेटी देवपुरातच ठेवली होती, त्यामुळे मला प्रथमच खिडकीबाहेर बघता आलं. भामरे मात्र बाहेर बघत नव्हते. कारखानदाराने पीठ काढून घेतलं असेल का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "त्या पिठाचं ते करणार काय? त्याची भाकरीही होत नाही." पण शंका त्यांच्याही मनात होती, कारण एरंडोलला त्यांनीच पुन्हा तो विषय काढला.

कारखाना म्हणजे एक पत्र्याची शेड. पंपांचे वॉशर आणि बुश तिथे होत. मालक शांतिलालशेठ, घराणं मूळचं मारवाडातलं, तीन पिढ्या जळगावात. आणि रोल चालवणारे आबा. साठीच्या आसपासचे, भडगावकडचे, कोपरापर्यंत काजळीने काळे. रोल म्हणजे एकमेकांकडे फिरणारे दोन जाडजूड लोखंडी रूळ. त्यांच्या फटीत रबर मळलं जातं.

"राम राम भाऊ. कथाईन उनात?" आबांनी विचारलं. कुठून आलात, एवढं मला अंदाजाने कळलं. पुण्याहून, म्हणालो.

भामरेंनी प्रस्तावना न करता विचारलं, "आबा, आपलं पीठ कुठे गेलं?"

"पीठ?" आबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की जणू विचारणाऱ्याचीच काहीतरी चूक असावी. "पीठ आठेच शे ना!"

म्हणजे इथेच आहे. त्यांनी फळीवरून पत्र्याचा डबा काढला. झाकणाला मेण लावलेलं, वर कागद, कागदावर निळ्या पेन्सिलीने 'भामरे सर'. काट्यावर ठेवला. डब्याचं वजन वजा जाता एक किलो सहाशे ग्रॅम.

"सरनी सांगं शेकडा ऐंशी. मी टाकं शेकडा ऐंशी. उरनं ते ठी दिधं. दुसरानी वस्तू शे, फेकाले आपली थोडीच शे?"

उरलं ते त्यांनी ठेवून दिलं होतं. दोन किलोतून सोळाशे ग्रॅम उरले, म्हणजे रबरात चारशे गेले. रबर पाचशे ग्रॅम. मी हिशेब मांडला आणि मग विचारलं, "आबा, शेकडा म्हणजे शंभर कशाचे?"

"रबरना! आखो कसाना?" आबा रोलवर हात ठेवून म्हणाले. "रबर शंभर. गंधक त्याना वर दोन. काजळी त्याना वर पन्नास. बठ्ठं रबरना वर. तीस वरीस असंच करस मी."

शांतिलालशेठही म्हणाले, "साहेब, आमच्या धंद्यात रबर म्हणजेच शंभर. मुंबईला जा, कोट्टायमला जा. दुसरा शंभर कुणाला माहीत नाही."

इथे सगळं उलगडलं. भामरेंचे शंभर म्हणजे तयार मालाचे शंभर. त्यात ऐंशी पीठ आणि वीस रबर. आबांचे शंभर म्हणजे नुसत्या रबराचे, आणि त्यांच्यावर ऐंशी पीठ. त्या हिशेबाने पत्र्यात पीठ भरलं चव्वेचाळीस टक्के. पाण्यात तोलून आली होती नेमकी तीच घनता. शब्द एकच होता, दोघांनी तो प्रामाणिकपणे पाळला होता, आणि चुकलं कुणीच नव्हतं. माझ्या तक्त्यातला 'शेकडा' हाही तितकाच चुकीचा किंवा बरोबर होता.

भामरेंनी डब्याचं झाकण नीट बसवलं. मग म्हणाले, "आबा, मी तुमच्यावर संशय घेतला."

"घ्या ना," आबा म्हणाले. "संशय घेवाले रोल लागस का? आते सांगा, कितलं टाकू?"

ऐंशी शंभरात बसवायचे तर रबराच्या शंभरावर किती? चारशे. उरलेल्या सोळाशे ग्रॅमला बरोबर चारशे ग्रॅम रबर लागणार होतं.

"चारशे!" आबांनी हातातली सुरी खाली ठेवली. "सर, इतलं पीठ रबर खास नही. ते माणूस शे का बैल शे?" एवढं पीठ रबराला खाववणार नाही, असं त्यांचं म्हणणं.

शेठ म्हणाले, "आणि पांढरं पीठ रोलला चिकटलं तर माझे काळे वॉशर बिबट्यासारखे दिसतील." पण त्यांनी काळं काम थांबवून रोल पुसून दिला.

पुढचे अडीच तास मी जे पाहिलं ते कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. रबर रुळावर चढलं, त्यावर आबा चिमटीने पीठ सोडत. निम्मं आत जाई, निम्मं खालच्या तसराळ्यात पडे. ब्रशने गोळा करून परत वर. एका टप्प्याला पत्रा फाटून तुकडे तुकडे खाली आले. आबांनी तेलाच्या डब्याकडे हात नेला, चार थेंब टाकले तर रबर मऊ पडेल म्हणून. भामरेंनी हात धरला, तेलाने विजेचं काम बिघडेल म्हणाले. आबा चिडले. "मंग तुमीच खवाडा त्याले!" पण तेल बाजूला ठेवलं, रुळांची फट कमी केली, आणि परत घास घास भरवायला लागले. शेवटचे दोनशे ग्रॅम जायला अर्धा तास लागला. तसराळं रिकामं झालं तेव्हा आबांनी बोटाने ते पुसून दाखवलं.

तापत्या दाबयंत्रातून सहा पत्रे निघाले. मी एकेक काट्यावर ठेवला, एकूण एक किलो नऊशे चाळीस ग्रॅम. साठ ग्रॅम रोलने खाल्ले. आबांनी वेष्टणावर लिहिलं, '४०० शे'. मी पेन्सिल मागितली. मला काय हवंय ते त्यांना कळलं. त्यांनी स्वतःच खाली लिहिलं, 'रबर १००'.

शेठ आम्हाला ओढत घरी घेऊन गेले. त्यांच्याकडे सूर्य मावळायच्या आत जेवतात. साडेपाचला दाल-बाटी, तूप ओतून. पुण्यात साडेपाच ही चहाची वेळ. पोट काही हिशेब न मागता जेवलं. निघताना बाजारात भामरेंनी भरताची वांगी घेतली, हिरवट पांढरी, एकेक पाऊण किलोची. एस.टी.त वांगी त्यांच्या मांडीवर होती आणि पत्रे माझ्या.

देवपूर, गुरुवार

पत्र्यातून लगेच वीज निघत नाही. आतल्या कणांची तोंडं दहा दिशांना असतात. ती एका दिशेला वळवण्यासाठी पत्रा गरम तेलात बुडवून त्याच्या दोन बाजूंना जबर दाबाची वीज लावतात आणि थंड होईपर्यंत सोडत नाहीत. मंगळवारच्या चकत्यांवर भामरेंनी हे आधीच केलं होतं. पुण्यात यासाठी खास तेल येतं. भामरे एरंडेल वापरत. शंभर अंशांवर तापलेल्या एरंडेलाचा वास खोलीत भरला, आणि मला लहानपणी नाक दाबून घेतलेले चमचे आठवले.

आठ चकत्या कापल्या होत्या, जाडी एक मिलिमीटर. प्रत्येकीला पाच हजार व्होल्ट. तिसरी चट् करून फुटली. पाचवीही. भामरे दर वेळी डोळे मिटून घेत. सहा वाचल्या. त्या चोवीस तास तशाच ठेवायच्या, मग मोजायच्या. म्हणजे दुसऱ्या दिवसापर्यंत करण्यासारखं काही नव्हतं.

रात्री वहिनींनी चुलीत वांगी भाजली. लाकडी बडगीत हिरव्या मिरच्या आणि वांगी लाकडाच्याच ठोंब्याने ठेचली, वर कांद्याची पात आणि शेंगदाणे, बरोबर ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. आमच्याकडे भरतात दही घालतात. हे मी बोललो, आणि वहिनी म्हणाल्या, "दही घालायचं तर वांगं कशाला भाजायचं?" मी आणखी एक भाकरी मागून घेतली.

शुक्रवार

प्रमाणित चकती, दोनशे नव्व्याण्णव. नव्या पत्र्याची घनता, दोन पूर्णांक एक्याण्णव. सहा चकत्या, तीस वाचनं. मी वाचत गेलो, भामरे लिहीत गेले. सरासरी तेरा पूर्णांक सहा.

"सोळा नाही आलं," ते म्हणाले.

"तेरा पूर्णांक सहा आलंय. तेच लिहिणार."

"आणि अडीच?"

"तेही लिहिणार. तोही तुमचाच पत्रा आहे, आणि सांगितला तसाच झालेला आहे."

त्यांनी मान हलवली. मग उरलेल्या पत्र्याची पट्टी कापली आणि माझ्या मनगटावर बांधली. पडद्यावर हिरवी रेघ थोडा वेळ थरथरली आणि मग तिच्यावर एकेक उंचवटा येऊ लागला. मी घड्याळ लावून मोजले, मिनिटाला अठ्ठ्याऐंशी. घरी माझे बहात्तर असतात. दारातून वहिनी म्हणाल्या, "परीक्षा यांची, आणि छाती तुमची धडधडतेय होय?"

अहवाल मी पुण्यात लिहिला. 'शेकडा' हा रकाना खोडून दोन केले, 'शंभरात' आणि 'शंभरावर'. पहिल्या ओळीत ४४ आणि ८०, आकडा अडीच. दुसऱ्या ओळीत ८० आणि ४००, आकडा तेरा पूर्णांक सहा. समितीकडून विचारणा झाली की पहिली ओळ ठेवण्याचं कारण काय. तिच्याशिवाय दुसरी समजत नाही, असं मी कळवलं. त्यानंतर दुसरं वर्ष मिळालं की नाही, भट्टी राहिली की गेली, दोन महिने काही कळलं नाही. गोधडी मात्र सुखरूप परत आली होती, एरंडेलाच्या वासासकट.

मार्चात ऑफिसात एक पोस्टकार्ड आलं. आबांसारखंच निळ्या पेन्सिलीने लिहिलेलं, एकच ओळ, खाली भामरेंची सही. शेजारच्या टेबलावरचे सहकारी माझ्या खांद्यावरून वाचायला लागले आणि म्हणाले, "आठशे? अहो, तुम्ही तर सांगत होता की त्यांची भट्टी तेराशेला लागते."

मी कार्ड त्यांच्या हातात दिलं आणि पुन्हा, सावकाश वाचायला सांगितलं.

'भट्टी आठेच शे.'